मोटारीची जिल्हई आणि हातांचें शिक्षण

मोटारगाडीचा इतिहास म्हटला कीं लेखकाची लेखणी इंजिनाकडे वळते. बेंझनें १८८६ सालीं जर्मनींत पेटंट घेतलें, फोर्डच्या कारखान्यांत १९१३ सालीं गाड्या फिरत्या सांखळीवर जोडल्या जाऊं लागल्या, या गोष्टी शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतात. परंतु गाडीच्या अंगावरील रंगाची निगा कोणी राखली, आणि ती विद्या एका हातांतून दुसऱ्या हातांत कशी गेली, हें फारसें कोणी लिहीत नाहीं. आज अमेरिकेंत व युरोपांत मोटारक्लबांचे सभासद सुटीच्या दिवशीं कोणाच्या तरी गॅरेजांत जमतात, आणि त्यांतीलच एखादा अनुभवी सभासद बाकीच्यांस गाडी धुण्यापासून तिला जिल्हई देण्यापर्यंतचें सर्व काम प्रत्यक्ष हातानें करावयास शिकवितो. या कामास तिकडे डिटेलिंग म्हणतात. गाडी धुण्यांत शिकण्यासारखें काय आहे, असें वाचक सहजच विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर मागील सव्वाशें वर्षांत शोधावें लागतें.

पहिल्या मोटारींचा रंग हा बग्गीचाच रंग होता, आणि रंगारीहि बग्गीचेच. आधीं अस्तर, मग लांबी, मग प्यूमिस दगडानें पाणी घालून घासणें, मग रंगाचे हात, पुन्हां घासणें, आणि शेवटीं जवसाचें तेल व राळ यांचें व्हार्निश, असा तो क्रम असे. प्रत्येक हात सुकण्याची वाट पाहावी लागे आणि एक गाडी कित्येक आठवडे रंगशाळेंत अडकून पडे. इतक्या कष्टानें चढविलेला तो रंग मोठा नाजूक असे. बग्गीखाना तबेल्याला लागून नसावा, कारण घोड्याच्या मुताच्या वाफेनें व्हार्निश मरतें. चिखल अंगावर सुकूं देऊं नये. उन्हांत गाडी धुवूं नये. थंड पाणी भरपूर ओतावें आणि ओल मऊ कातड्यानें टिपून घ्यावी. हे नियम कोचमन धन्याच्या घरीं राबून शिके, आणि आपल्या हाताखालच्या पोऱ्यास शिकवी. मोटार आली तेव्हां कोचमनाच्या जागीं शोफर आला. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा असा आहे. गाडी हांकणें, दुरुस्त करणें आणि धुणें हीं तिन्ही कामें त्याच्याच गळ्यांत पडलीं. पॅरिसचा ऑटोमोबाइल क्लब १८९५ सालीं निघाला, लंडनचा १८९७ सालीं. परंतु तेथील सभासदांचें चित्त शर्यतींत व सहलींत गुंतलेलें असे, आणि गाडी अंगणांत नोकर धूत असे. १९०३-०४ च्या सुमारास बोस्टन व न्यूयॉर्क येथील वाय. एम. सी. ए. संस्थांनीं मोटारीचे वर्ग काढले, तेहि हांकण्याचे व यंत्रविद्येचे. रंगाची निगा ही शिकविण्याजोगी विद्या आहे, हें सद्गृहस्थांच्या ध्यानांत येण्यास अद्याप अवकाश होता.

हें सर्व बदललें तें रसायनशास्त्रामुळें. फोर्डनें १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' काळ्या रंगाखेरीज विकली नाहीं, कारण भट्टींत भाजून पक्का होणारा तो काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. लोकांस मात्र रंगीत गाड्या हव्या होत्या. जनरल मोटर्सचे संशोधक चार्ल्स केटरिंग यांच्याविषयीं एक गोष्ट सांगतात. रंग कांहीं तासांत सुकणें अशक्य आहे असें म्हणणाऱ्या एका जाणकारास त्यांनीं जेवावयास नेलें, आणि जेवण आटोपून तो बाहेर येतो तों त्याची स्वतःचीच गाडी निराळ्या रंगांत, सुकून, उभी! गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांतील रंग खरा होता. द्यू पाँ कंपनीनें तयार केलेलें 'ड्यूको' हें लॅकर १९२३ सालीं ओकलंड नांवाच्या गाडीवर निळ्या रंगांत झळकलें. हें लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, तोफांच्या दारूंत वापरतात त्या नायट्रोकापसाचा सख्खा भाऊच. महायुद्ध संपल्यावर दारूचे कारखाने मोकळे पडले आणि त्या कापसानें शांततेचा धंदा धरिला.

या नव्या रंगाचा एक स्वभाव पुढील इतिहासास कारण झाला. व्हार्निश आपोआप चमके. लॅकर मात्र घासल्याशिवाय चमकत नसे, आणि उन्हापावसानें कांहीं महिन्यांत त्यावर खडूसारखी पूड धरे. ती पूड घासून काढावी आणि वर मेण चढवावें, हाच उपाय. याच काळांत गाडी मध्यमवर्गाच्या दारीं आली होती, आणि त्या वर्गाला शोफर परवडत नव्हता. तेव्हां रविवारच्या सकाळीं बाह्या सारून स्वतः मालकच गाडीजवळ उभा राहिला. सिमोनिझ नांवाच्या मेणाचा खप अमेरिकेंत इतका वाढला कीं त्या नांवाचें इंग्रजींत क्रियापदच बनलें. मेणांचा राजा म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझिलांतील एक ताड आपल्या पानांतून पाणी उडून जाऊं नये म्हणून हें मेण अंगावर धरितो, आणि तें वितळावयास ८० अंशांहून अधिक उष्णता लागते. रासीन गांवच्या जॉन्सन कंपनीचे प्रमुख १९३५ सालीं सिकोर्स्की विमानांतून थेट ब्राझिलांत गेले, ते या ताडांचें रान पाहावयास.

क्लबांचें लक्ष या विषयाकडे वळलें तें मात्र चढाओढीमुळें. फ्रान्सांत दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत गाड्यांच्या सौंदर्यस्पर्धा होत, व तेथें गाडीबरोबर बाईच्या पोशाखाचेंहि कौतुक होई. कॅलिफोर्नियांत पेबल बीच येथें १९५० सालीं मोटारशर्यतीच्या जोडीला अशीच स्पर्धा सुरू झाली. आरंभीं बक्षिसें नव्या गाड्यांसच मिळत. १९५५ सालीं फिल हिल या तरुणानें, जो पुढें १९६१ सालीं शर्यतींत जगज्जेता झाला, आपल्या मावशीची १९३१ सालची पिअर्स-ॲरो गाडी नव्यासारखी करून तेथें नेली व पहिला मान पटकाविला. त्याच वर्षीं वॉशिंग्टनजवळ अमेरिकेंतील पोर्श क्लब स्थापन झाला, आणि त्याच्या वार्षिक मेळाव्यांतहि अशी स्पर्धा होऊं लागली. परीक्षक चाकाच्या आऱ्यांमागें बोट फिरवूं लागले, आणि प्रतिष्ठित वकील-डॉक्टर कान कोरावयाच्या कापसाच्या काड्या घेऊन गाडीच्या जाळीपुढें गुडघे टेकून बसूं लागले. आम्हांस या प्रकाराचें हसूं येतें हें खरें. परंतु या हौशीनेंच गाडी धुणें हें नोकराचें काम उरलें नाहीं, आणि ज्यास तें उत्तम येतें त्यास लोक गुरु मानूं लागले, हेंहि तितकेंच खरें.

खरी अडचण पुढेंच आली. १९८० नंतरच्या दशकांत बहुतेक गाड्यांवर दुहेरी रंग आला. खालीं रंगाचा पातळ थर, आणि वर पारदर्शक लेप. हा लेप चाळीस-पन्नास मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनहि पातळ. आणि उन्हापासून खालच्या रंगाचें रक्षण करणारा तोच. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांची कल्हई आठवावी. राखेनें जोरांत घासावें तों भांडें लखलखतें, आणि त्याच घासण्यानें कल्हई झिजते. भांड्यास कल्हईवाला पुन्हां कल्हई लावून देई. गाडीला तशी सोय नाहीं. लेप गेला कीं सगळें पत्र पुन्हां रंगवावें लागतें, आणि जुन्या गाडीच्या बाबतींत कारखान्याचा मूळ रंग कायमचा जातो. जिल्हई देणें म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत भोंवतालचा लेप खरवडून सपाट करणें. प्रत्येक जिल्हई गाडीच्या आयुष्यांतून थोडें उचलून घेते. लॅकरच्या दिवसांत मालक चुकत शिकला तरी चाले. या दिवसांत चुकायला जागाच उरली नाहीं. क्लबाचे वर्ग निघाले ते या गरजेपोटीं.

अशा वर्गाची रीत पाहण्याजोगी आहे. पहिला भाग पाण्याचा. दोन बादल्या मांडतात. एकींत साबणाचें पाणी, दुसरींत नुसतें. हातमोजा गाडीवरून एकदां फिरविला कीं आधीं नुसत्या पाण्यांत खळबळून मगच साबणांत बुडवावयाचा, म्हणजे निघालेली वाळू पुन्हां अंगावर जात नाहीं. टपापासून खालीं यावयाचें, कारण सर्वांत अधिक धूळ खालीं असते. मग शिक्षक गाडी उन्हांत नेऊन उभी करतो. सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसतात. वस्तुतः ओरखडे सर्व दिशांचे असतात. प्रकाशाला आडवे येतील तेवढेच चमकतात, म्हणून तीं वर्तुळें भासतात. हीं वर्तुळें पावसानें पडलीं नाहींत, धुण्यानें पडलीं, एवढें कळलें कीं मंडळींचे चेहरे उतरतात. नंतर प्रत्येकास हातांत पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या पत्र्यावरून बोटें फिरवावयास सांगतात. उघड्या बोटांस जो पत्रा गुळगुळीत लागला तोच आतां वाळूकागदासारखा खरखरीत लागतो! ही खर काढावयाची एक प्रकारची माती १९९० च्या सुमारास जपानांतून अमेरिकेंत आली.

यंत्राचा भाग शेवटीं येतो, आणि तो कोणाच्या गाडीवर नव्हे, भंगारांतून आणलेल्या बॉनेटवर. मध्यें चिकटपट्टी लावून अर्धा भाग तसाच ठेवतात, म्हणजे काय केलें तें डोळ्यांस दिसतें. ज्या ठिकाणीं पत्रा वळतो तेथें रंग सर्वांत पातळ असतो. तेथें यंत्र क्षणभर अधिक रेंगाळलें तर खालचें अस्तर उघडें पडतें. चांगला शिक्षक हें नुसतें सांगत नाहीं, विद्यार्थ्याच्याच हातून त्या भंगारावर रंग उडवून घेतो. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर लेप नाहीं, जुना एकेरी रंग आहे. पांढरें उतरलें तर वर लेप आहे, हीहि ओळख हातानेंच होते. रंगाची जाडी मोजणारें उपकरण मिळतें. परंतु दाब किती द्यावा हें त्याला सांगतां येत नाहीं. शिक्षकाला आपला हात विद्यार्थ्याच्या हातावर ठेवावा लागतो, आणि तो बहुतेक वेळां ठेवतो तो दाब कमी करण्यासाठीं. नवशिक्यास ओरखडा दिसला कीं तो नाहींसा करीपर्यंत चैन पडत नाहीं. 'हा राहूं द्या' हें वाक्य वर्गांत सर्वांत उशिरां समजतें, असें आमचें मत आहे.

हें तिकडचें झालें. मुंबईंत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे, आणि जुन्या गाड्यांचे हौशी लोकहि आपल्याकडे कमी नाहींत. पण मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या आवारांत पहांटे गाड्या पुसणारा मनुष्य एक बादली आणि एक फडकें घेऊन दहा-वीस गाड्या उरकतो, आणि एका गाडीची वाळू दुसऱ्या गाडीच्या अंगावर नेतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. महिन्याच्या पैशांत त्याला दुसरी बादली कोणी दिली नाहीं, आणि कोणी शिकविलेंहि नाहीं. अशा वर्गांत मालकाच्या आधीं त्यालाच पहिल्या रांगेंत बसवावें, असें आम्हांस वाटतें. परंतु क्लबांच्या सभासदत्वाची वर्गणी त्याच्या आवांक्याबाहेरची.

दरम्यान पेबल बीचच्या परीक्षकांचीहि दृष्टि पालटली आहे. आरशासारख्या नव्या केलेल्या गाड्यांबरोबर, ज्यांचा रंग कधींच बदलला नाहीं अशा गाड्यांचा वेगळा वर्ग तेथें आला. २०२४ सालीं तेथील सर्वोच्च मान बुगाटी कंपनीच्या १९३४ सालच्या एका शर्यतीच्या गाडीस मिळाला. ती एकेकाळीं बेल्जमच्या लिओपोल्ड राजाची होती. त्या गाडीचा रंग जागोजागीं उडालेला आहे, आणि तो तसाच ठेवलेला आहे.