ऑलिव्हेत्ती

टंकलेखनयंत्रे, गणनयंत्रे आणि संगणक बनवणारी इटालियन कंपनी. कामिल्लो ऑलिव्हेत्ती या विद्युत अभियंत्याने १९०८ मध्ये तूरिनजवळच्या इव्ह्रेआ या गावी ती काढली. तिचे पहिले टंकलेखनयंत्र, एम-१, १९११ च्या तूरिन प्रदर्शनात मांडले गेले. कामिल्लोचा मुलगा आद्रियानो याच्या काळात तिचे नाव जगभर झाले. मार्चेल्लो निझ्झोलीने घडवलेले लेट्टेरा २२ (१९५०) हे सुटसुटीत यंत्र विशेष गाजले, आणि १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने कंपनीच्या कामाचे खास प्रदर्शन भरवले. देखण्या वस्तूंची कंपनी ही तिची ओळख तेव्हापासूनची. पण पैसा आला तो मुख्यतः दिव्हिसुम्मा या यांत्रिक गणनयंत्रांमधून. कारखान्यात साधा कामगार म्हणून लागलेल्या नाताले कापेल्लारोने ती रचली. बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करून ती उत्तर कागदावर छापून देत. विक्रीची किंमत उत्पादनखर्चाच्या कितीतरी पट असे. कंपनीच्या उत्कर्षाचे आणि पुढच्या अडखळण्याचेही मूळ या नफ्यात शोधावे लागते.

तिच्या ऱ्हासाचे कारण सहसा दोन मृत्यूंमध्ये शोधले जाते. मारिओ चू याच्या नेतृत्वाखाली तयार झालेला एलेआ ९००३ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा मोठा संगणक १९५९ मध्ये पुढे आला. १९६० मध्ये आद्रियानो आगगाडीच्या प्रवासात वारला आणि १९६१ मध्ये चू मोटार अपघातात गेला. यावर घातपाताच्या अनेक कथा रचल्या गेल्या. त्या चटकदार आहेत, पण पुढे घडलेले समजायला त्यांची गरज पडत नाही. १९५९ मध्ये घेतलेल्या अंडरवुड या अमेरिकी कंपनीचे ओझे जड झाले होते. १९६४ मध्ये फियाट, पिरेल्ली आणि बँकांच्या गटाने सूत्रे हाती घेतली आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग जनरल इलेक्ट्रिकला विकून टाकला. मोठ्या संगणकांच्या धंद्यात आयबीएमपुढे खुद्द जनरल इलेक्ट्रिकही टिकली नाही, १९७० मध्ये तिने तो हनीवेलला दिला. मग विक्रीत चूक ती काय, असा आक्षेप घेता येतो. मोठ्या संगणकांपुरता तो बरोबरही आहे. टेबलावर मावणाऱ्या यंत्राला मात्र तो लागू पडत नाही, आणि ऑलिव्हेत्तीला दुकानदार, हिशेबनीस आणि कचेऱ्या यांची नस ठाऊक होती.

याचा पुरावा विक्रीच्या पुढच्याच वर्षी मिळाला. पिएर जॉर्जो पेरोत्तो आणि त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांनी रचलेला प्रोग्रामा १०१ ऑक्टोबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दाखवला गेला. आज्ञावली चुंबकीय कार्डावर साठवणारे हे टेबलावरचे यंत्र ३,२०० डॉलरला मिळे. पुढे त्याची सुमारे ४४ हजार नगांची विक्री झाली, नासानेही ते घेतले, आणि त्यातील कल्पना वापरल्याबद्दल ह्यूलेट-पॅकार्डला सुमारे नऊ लाख डॉलर मोजावे लागले. तरीही त्या प्रदर्शनात मानाची जागा लोगोस २७ या यांत्रिक गणनयंत्राला होती. प्रोग्रामा मागच्या खोलीत होता. कसब हाताशी होते, पण चालू धंद्याला धक्का लावायची तयारी नव्हती. काही वर्षांतच जपानी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांनी तो धंदा बुडवलाच.

कार्लो दे बेनेदेत्तीने १९७८ मध्ये कंपनी सावरली आणि १९८४ चा एम २४ अमेरिकेत एटी अँड टीच्या नावाने खपला, हे खरे. पण स्वतंत्र घडणीचा एम २० (१९८२) मागे पडल्यावर आलेले हे यंत्र आयबीएमच्या साच्यातले होते; तसली यंत्रे कोणीही बनवू शकत होता, म्हणून नफा घटत गेला. व्यक्तिगत संगणकांचा विभाग १९९७ मध्ये विकला गेला. १९९९ मध्ये कंपनीने तेलेकोम इटालिया ताब्यात घेतली आणि २००३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. नाव तेलेकोम इटालियाचे राहिले.