बादली उचलण्याचा हक्क

१/ घरातील शौचालयाच्या कोपऱ्यात झाडू, ब्रश आणि बादली नीट मांडून ठेवलेली असते. घरातील कोणीही ती उचलू शकतो. १९३२ साली मात्र हीच बादली उचलू द्यावी, यासाठी एका कैद्याने अन्नत्याग केला होता.

२/ कैदी होते आप्पासाहेब पटवर्धन, तुरुंग रत्नागिरीचा. तेथे कामांची वाटणी जात पाहून होई. मैला उचलणे हे ठरावीक जातींच्या कैद्यांचेच काम. ब्राह्मण असलेल्या आप्पासाहेबांनी ते मागून घेतले, सरकारने नाकारले.

३/ येरवड्यात बंदिवान असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी ३ डिसेंबर रोजी उपवास आरंभला. फेरविचाराचे आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तो सुटला.

४/ पुढे आप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारा संडास घडवला. कोणाच्याही डोक्यावर मैल्याची पाटी राहू नये, हा त्यामागील हेतू.

५/ तुरुंगांतील जातीवर आधारलेली कामवाटणी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. रत्नागिरीच्या त्या मागणीला तेव्हा जवळपास ९२ वर्षे झाली होती.