वरच्या पापणीचा खोलगटपणा

वरच्या पापणीचा खोलगटपणा म्हणजे भुवईखालील हाडाची कड आणि वरची पापणी यांच्यामधील भाग आत गेल्यासारखा दिसणे. बोलीभाषेत यास 'डोळे खोल जाणे' असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. वयोमानानुसार दोन्ही डोळ्यांभोवती सावकाश येणारा खोलगटपणा बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र काही तासांत, दिवसांत किंवा आठवड्यांत आलेला, विशेषतः एकाच बाजूचा खोलगटपणा वैद्यकीय तपासणीस पात्र असतो.

शरीररचना

नेत्रगोल हा कवटीतील हाडांच्या खोबणीत, म्हणजे नेत्रकोटरात, चरबीच्या मऊ गादीवर टेकलेला असतो. वरच्या पापणीचा भरीवपणा याच चरबीमुळे टिकतो. चरबी घटली, नेत्रगोल मागे अथवा खाली सरकला किंवा पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड ढिली झाली, तर पापणीवर खळगा दिसू लागतो.

कारणे

निर्जलीकरण : जुलाब, उलट्या किंवा उष्णतेमुळे शरीरातील पाणी घटल्यास दोन्ही डोळे काही तासांतच खोल जातात. लहान मुलांमध्ये हे निर्जलीकरणाचे महत्त्वाचे चिन्ह मानले जाते. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या शेतीप्रधान तालुक्यात उन्हात काम करणाऱ्यांमध्ये या कारणाचा विचार प्रथम करावा लागतो. घरगुती उपाय म्हणून १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजतात. मूल सुस्त झाल्यास किंवा पाणी पिऊ शकत नसल्यास त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

काचबिंदूची औषधे : लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट व बायमॅटोप्रोस्ट या थेंबांमुळे नेत्रकोटरातील चरबी आक्रसते. हा दुष्परिणाम २००४ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदवला गेला. बायमॅटोप्रोस्टने तो अधिक आढळतो. थेंब एकाच डोळ्यात घातले जात असल्यास फरक ठळक दिसतो. पापण्यांचे केस लांब व दाट होणे आणि पापणीची त्वचा काळवंडणे या सोबतच्या खुणा होत. औषध बदलल्यावर काही महिन्यांत पापणी बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकते. तथापि रुग्णाने स्वतःहून थेंब बंद करू नयेत, कारण काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत येत नाही.

इजा : डोळ्यावर ठोसा, चेंडू किंवा अपघाताचा मार बसल्यास नेत्रकोटराचा पातळ तळ मोडून चरबी खालच्या सायनसमध्ये उतरते. सुरुवातीस सुजेमुळे खळगा झाकला जातो आणि सूज ओसरल्यावर तो दिसतो. एकाच्या दोन वस्तू दिसणे आणि गाल बधिर होणे ही याची सहलक्षणे आहेत.

सायनसचा विकार : गालाच्या हाडातील सायनसचे तोंड बंद झाल्यास आत ऋण दाब निर्माण होऊन त्याच्या भिंती आत ओढल्या जातात व नेत्रगोल खाली सरकतो. बहुधा वेदना नसल्याने हा विकार उशिरा लक्षात येतो. त्यास १९९४ मध्ये 'मूक सायनस लक्षणसमूह' या अर्थाचे नाव मिळाले.

पापणीच्या स्नायूची शिथिलता : पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पडदा सुटल्यास पापणी खाली येते, तिची घडी वर सरकते व खोलगटपणा वाढतो.

इतर कारणे : झपाट्याने घटलेले वजन, पापणीच्या शस्त्रक्रियेत काढलेली जादा चरबी, चेहऱ्याच्या अर्ध्या भागाचा क्षय आणि क्वचित स्तनाच्या कर्करोगाचा नेत्रकोटरातील प्रसार. काही वेळा दुसरा डोळा पुढे आल्याने निरोगी डोळाच खोल भासतो. थायरॉइडच्या विकारात असे घडू शकते.

निदान

जुनी छायाचित्रे ताडून पाहिल्यास बदल केव्हा सुरू झाला हे समजते. वैद्य औषधांची व इजेची माहिती घेतात, नेत्रगोल किती मागे गेला आहे हे मोजतात आणि आवश्यकतेनुसार सीटी स्कॅन करवतात. प्राथमिक तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते. पुढील तपासणीसाठी यवतमाळ येथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पापणी अचानक पडून बाहुली लहान होणे, सोबत मान दुखणे, दुहेरी दिसणे किंवा दृष्टी मंदावणे ही तातडीची लक्षणे होत.

उपचार

उपचार मूळ कारणावर अवलंबून असतात. निर्जलीकरणात द्रवपदार्थ देतात. हाड मोडल्यास गरजेनुसार नेत्रकोटराचा तळ दुरुस्त करतात. सायनसच्या विकारात दुर्बिणीद्वारे त्याचा मार्ग मोकळा करतात. कारण दूर झाल्यावरही खळगा राहिल्यास चरबीचे रोपण किंवा हायलुरॉनिक आम्लाची टोचणी करता येते. टोचणीमुळे रक्तवाहिनी बंद होऊन अंधत्व येण्याचा दुर्मिळ धोका असल्याने ती प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच करून घ्यावी लागते.