हौशी कबड्डीतील मार्गदर्शन आणि खेळाडूंची मनोवृत्ती : कोलशेत-ठाणे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासाचे लेखन प्रामुख्याने स्पर्धा, विजेते आणि पुरस्कार यांभोवती फिरत राहिले आहे. खेळाडू कसा घडतो, त्याला कोण घडवितो आणि पराभवाच्या प्रसंगी मनाने कसे उभे राहावे हे त्याला कोण शिकवितो, हे प्रश्न त्या मानाने मागे पडले. प्रस्तुत लेखात कबड्डी या सांघिक खेळाच्या संदर्भात या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. हौशी कबड्डीत मनाची तयारी हा मार्गदर्शनाचा स्वतंत्र विषय नव्हता. ती खेळाच्या नियमांत आणि मंडळाच्या जीवनात सामावलेली होती, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. मार्गदर्शन हे जसजसे शास्त्र आणि पुढे व्यवसाय बनले, तसतशी मनोवृत्ती घडविण्याची जबाबदारी मंडळाकडून प्रशिक्षकाकडे सरकत गेली. या स्थित्यंतरात काय मिळाले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

कोलशेत : परिसराची पार्श्वभूमी

ठाणे शहराच्या उत्तरेस खाडीकाठी वसलेले कोलशेत हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. बाळकुम, ढोकाळी, माजिवडे या शेजारच्या गावांप्रमाणेच भातशेती, मासेमारी आणि रेतीचा व्यवसाय ही येथील उपजीविकेची साधने होती. स्वातंत्र्योत्तर काळात ठाण्याच्या औद्योगिकीकरणाबरोबर कोलशेत रस्त्यालगत रसायनांचे कारखाने उभे राहिले. त्यांत सँडोझ कंपनीचा कारखाना विशेष प्रसिद्ध होता. १९९५ मध्ये या कंपनीचा रसायन विभाग वेगळा होऊन क्लॅरियंट ही कंपनी अस्तित्वात आली. पुढे कारखान्याची जमीन विकली गेली आणि तेथे उंच इमारतींची निवासी संकुले उभी राहिली. शेत, कारखाना आणि गृहसंकुल असा हा प्रवास दोन-तीन पिढ्यांत घडला.

हा क्रम केवळ कोलशेतचा नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत संपूर्ण पट्ट्यात कमीअधिक फरकाने तो दिसून येतो. कबड्डीच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व आहे. हा खेळ साधनांवर अवलंबून नाही. त्याला फक्त मोकळी जमीन आणि संध्याकाळचा वेळ लागतो. कापणी झाल्यावर रिकामे होणारे शेत, गावदेवीच्या मंदिरापुढील पटांगण आणि कामाच्या पाळीनंतर एकत्र येणारे तरुण या तीन गोष्टींवर खाडीपट्ट्यातील गावांची कबड्डी उभी होती. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आता दुर्मिळ झाल्या आहेत.

नियमांची घडण आणि मनाची घडण

महाराष्ट्रात हुतूतू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियमबद्ध स्वरूप मिळाले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळासारख्या संस्थांनी त्यात महत्त्वाचा वाटा उचलला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये पुरुषांची आणि १९५५ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली.

नियम एकसारखे होण्यापूर्वी या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. गामिनी प्रकारात बाद झालेला खेळाडू संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहत असे. अमर प्रकारात खेळाडू बाद झाला तरी मैदान सोडत नसे. प्रतिस्पर्ध्याला केवळ गुण मिळे. संजीवनी प्रकारात मात्र सहकाऱ्याने प्रतिपक्षाचा गडी टिपला की बाहेर बसलेला खेळाडू पुन्हा जिवंत होई. राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली ती मुख्यत्वे संजीवनी प्रकाराला.

या निवडीचा तांत्रिक अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मानसिक अर्थाकडे मात्र दुर्लक्ष झाले. गामिनीत चूक अंतिम ठरते, तर अमरमध्ये चुकीची झळ खेळाडूला प्रत्यक्ष बसत नाही. संजीवनीत चुकीची शिक्षा होते, पण ती कायमची नसते आणि त्या शिक्षेतून सुटका स्वतःच्या हाती नसते. बाद झालेल्या क्रमानेच खेळाडू परत येतात. त्यामुळे संघातील सर्वोत्तम चढाईपटूलाही रेषेबाहेर बसून, कदाचित संघातील सर्वात नवख्या मुलाच्या चढाईची वाट पाहावी लागते. अहंकाराला आवर घालणे, दुसऱ्यावर विश्वास ठेवणे आणि अपयशानंतर पुन्हा तितक्याच तयारीने मैदानात उतरणे हे तिन्ही धडे नियमच देतो. ते देण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

‘दम’ ही दुसरी महत्त्वाची संकल्पना. चढाईपटू एकटा असतो आणि समोर सात जणांची साखळी असते. एका श्वासात अखंड उच्चार करीत त्याला मध्यरेषा ओलांडून निदान रेषेपर्यंत जावे लागते आणि सुखरूप परतावे लागते. भीती किंवा घाई झाली की उच्चार तुटतो, आवाज कापतो. ते पंचांना, प्रतिस्पर्ध्यांना आणि प्रेक्षकांनाही ऐकू येते. मनाची अवस्था इतक्या उघडपणे प्रकट करणारे सांघिक खेळ फारच थोडे असतील. म्हणूनच जुन्या मार्गदर्शनात दम वाढविणे हा शारीरिक आणि मानसिक अशा दोन्ही अर्थांनी पायाभूत व्यायाम मानला जाई. मराठीत दम धरणे म्हणजे धीर धरणे, हा योगायोग नव्हे.

वस्ताद, कर्णधार आणि मंडळ

हौशी काळातील मार्गदर्शक हा बहुधा प्रशिक्षक या नावाने ओळखलाच जात नसे. तालमीतील वस्तादाची परंपरा त्याच्यामागे होती. तो मंडळाचा निवृत्त खेळाडू असे. दिवसा कारखान्यात, गिरणीत किंवा रेल्वेत नोकरी करी आणि संध्याकाळी मैदानावर उभा राही. त्याला मानधन नसे. तोच मैदानाला पाणी मारून घेई, रेषा आखून घेई, नोकरीसाठी कोणाकडे शब्द टाकी आणि प्रसंगी खेळाडूच्या घरी जाऊन वडीलधाऱ्यांची समजूत काढी. त्याचा अधिकार ज्ञानापेक्षा सहवासातून आलेला असे. खेळाडूचा स्वभाव, त्याच्या घरची परिस्थिती, त्याचे व्यसन किंवा त्याचा भित्रेपणा यांपैकी काहीही त्याच्यापासून लपलेले नसे.

या नात्यात मानसिक आधाराचे मोठे सामर्थ्य होते. खेळाडू स्वतःपुरता खेळत नसे; तो गावासाठी, आळीसाठी, मंडळाच्या नावासाठी खेळत असे. पराभव झाला तरी दुसऱ्या दिवशी त्याच माणसांत वावरायचे असल्यामुळे पराभव पचविण्याची सवय लागे. मात्र या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. चारचौघांत अपमान करून ईर्ष्या चेतविणे ही मार्गदर्शनाची मान्य पद्धत समजली जात असे. दुखापत लपवून खेळणे हे शौर्याचे लक्षण ठरे आणि गुडघा निकामी झाल्यावर उपचाराचा भार कुटुंबावर पडे. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सामन्यांचे मैदान हे पुरुषांचेच राहिले. मुलींना प्रवेश मिळाला तो मुख्यतः शाळा आणि महाविद्यालयांच्या वाटेने.

हौशीपणाचे स्वरूप : एक तुलना

या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावातच हौशी हा शब्द आहे. मात्र हौस या शब्दाखाली आर्थिक वास्तव झाकले गेले होते. बँका, रेल्वे, महिंद्रसारख्या कंपन्या आणि सार्वजनिक उपक्रम यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि स्वतःचे संघ उभारले. पुढे २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण ठेवले. खेळाबद्दल पैसा नव्हता, पण खेळामुळे नोकरी होती. गिरणगावातील आणि ठाण्याच्या कारखानदारीतील तरुणांच्या दृष्टीने ही आशा मनोबलाचा मोठा आधार होती.

या संदर्भात आयर्लंडमधील गेलिक खेळांची तुलना उद्बोधक ठरते. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी मायकेल क्युसॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे तिचे प्रमुख सांघिक खेळ. खेळाडू सामान्यतः आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या परगण्याकडून खेळतो आणि त्याला खेळण्याचे वेतन मिळत नाही. डब्लिनच्या प्रचंड मैदानावर हजारो प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळलेला शिक्षक किंवा शेतकरी नंतर आपल्या कामावर परततो. वसाहतवादाच्या काळात स्वदेशी खेळ जपण्याची प्रेरणा दोन्हीकडे समान होती. फरक पुढे पडला. आयर्लंडमध्ये गावच्या क्लबांकडे स्वतःच्या मालकीची मैदाने मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. ठाण्याच्या खाडीपट्ट्यातील मंडळे बहुतांशी दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक जमिनीवर खेळत राहिली. जमिनीचे भाव वाढताच हा फरक निर्णायक ठरला. मनोवृत्ती जेथे घडत होती ती जागाच सुरक्षित नव्हती.

मार्गदर्शनाचे शास्त्र आणि व्यवसाय

१९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि पुढील दशकात कबड्डीचा तेथील प्रशिक्षण अभ्यासक्रमात समावेश झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी खेळ आशियात नेला. १९७४ मध्ये भारतीय संघ बांगलादेशच्या दौऱ्यावर गेला, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक झाले आणि १९९० मध्ये बीजिंग येथे कबड्डी पदकाचा खेळ बनला. २००४ मध्ये मुंबईत आणि २००७ मध्ये पनवेल येथे विश्वचषक स्पर्धा झाल्या; दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने इराणला हरविले. २०१२ मध्ये पाटणा येथे महिलांचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या.

२०१४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली आणि मार्गदर्शनाचे स्वरूप पालटले. मातीची जागा मॅटने घेण्याची प्रक्रिया आधीच सुरू झाली होती. आता चित्रफितींचे विश्लेषण, आहारतज्ज्ञ आणि फिजिओ आले. दमाचा नियम कायम राहिला, तरी चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन निष्फळ चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे अनिवार्य झाले. श्वासाच्या जोडीला घड्याळ आले. संयमाने प्रतिस्पर्ध्याला दमवून सामना हळूहळू आपल्याकडे झुकविण्याची जुनी वृत्ती मागे पडली आणि ठरावीक क्षणी धोका पत्करण्याची वृत्ती मोलाची ठरली. दुसरीकडे, खेळाडूला प्रथमच थेट मोबदला मिळू लागला, ही गोष्ट कमी लेखता येणार नाही.

नव्या-जुन्याचा संगम कसा होऊ शकतो याचे ठळक उदाहरण नाशिकच्या प्रशिक्षिका शैलजा जैन यांचे आहे. महाराष्ट्रात प्रदीर्घ काळ मार्गदर्शन केल्यानंतर त्यांनी इराणच्या महिला संघाची धुरा स्वीकारली. त्यांनी फार्सी शिकून घेतली आणि सरावात योग व प्राणायामाचा समावेश केला. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणने भारताचा २७-२४ असा पराभव केला. पुरुष गटातही त्याच स्पर्धेत भारताला उपांत्य फेरीत इराणकडून हार पत्करावी लागली. येथे लक्षणीय बाब अशी की, जैन यांनी वापरलेली साधने अपरिचित नव्हती. खेळाडूच्या भाषेत बोलणे आणि श्वासावर ताबा मिळवून देणे हे मंडळातील वस्तादाचेच काम होते. त्यांनी ते व्यावसायिक शिस्तीने आणि अपमानाऐवजी विश्वासाचा आधार घेऊन केले. सातत्याने जिंकणाऱ्या देशाला जे गृहीत धरावेसे वाटले, ते हरत आलेल्या संघाने नव्याने शिकून घेतले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली. तथापि महिलांचा अंतिम सामना २६-२५ असा केवळ एका गुणाने जिंकता आला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, हौशी कबड्डीतील मनोबल ही खेळाडूची केवळ व्यक्तिगत देणगी नव्हती. संजीवनीचा नियम, दमाची साधना आणि मंडळाचा सहवास यांनी ते घडविले. दुसरा असा की, व्यावसायिक मार्गदर्शनाने मोबदला, शास्त्र आणि सुरक्षितता आणली. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र लीगचा प्रशिक्षक तयार खेळाडू निवडतो. पंधरा वर्षांच्या भित्र्या मुलाला प्रथम मैदानात उतरविण्याचे काम तो करीत नाही. ते काम आजही मंडळ, शाळा आणि महाविद्यालय यांनाच करावे लागते.

तिसरा निष्कर्ष कोलशेतसारख्या गावांशी थेट निगडित आहे. येथील नव्या संकुलांत जलतरण तलाव आणि व्यायामशाळा आहेत, परंतु त्या सदस्यांपुरत्या मर्यादित आहेत. मूळ गावातील मुले आणि संकुलातील मुले एकत्र खेळतील असे मैदान उरले नाही, तर कबड्डी दूरचित्रवाणीवर पाहण्याचा खेळ बनेल आणि बाद झाल्यावर सहकाऱ्याची वाट पाहण्याचा धडा कोणालाच मिळणार नाही. या परिस्थितीत महाविद्यालयीन जिमखान्यांची जबाबदारी वाढते. मैदान परिसरातील मंडळांना संध्याकाळी खुले करणे, जुन्या मार्गदर्शकांच्या अनुभवांचे मौखिक इतिहास म्हणून संकलन करणे आणि मुलींच्या संघांना सरावाची समान वेळ देणे या तीन गोष्टी मोठ्या खर्चाशिवाय शक्य आहेत. विनामूल्य मार्गदर्शन करणारी ती पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्याजवळचे ज्ञान लेखी स्वरूपात फारसे उपलब्ध नाही, त्यामुळे हे संकलन लांबणीवर टाकता येणार नाही.