भाजलं किती आणि भाजलं कसं

आजच्या विषयाला निमित्त जयपूरचं आहे. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांकरोट्याजवळ एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली. गॅस पसरला आणि पेटला. आसपासच्या वाहनांतली माणसं होरपळली. जखमींना सवाई मानसिंग रुग्णालयात नेलं. त्यानंतर जयपूरला राहणाऱ्या आपल्या एका मराठी श्रोत्यानं मला विचारलं, ‘‘बातम्यांत साठ टक्के भाजला, ऐंशी टक्के भाजला असं सांगतात. त्यावरून जखम कशी आहे ते कळतं का?’’

नाही कळत. टक्के सांगतात ते फक्त क्षेत्रफळ. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे साधारण एक टक्का. पण तेवढ्याच जागेवरची जखम वरवरची आहे की खोल, हा प्रश्न वेगळा. मलमपट्टीचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो.

हा प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे चार प्रकार आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. नुसता रंग बदललेली कातडी एका टोकाला, मांस लोंबणारी जखम दुसऱ्या टोकाला. फोड आणि तीव्र वेदना हे दुर्दग्धाचं लक्षण. निरीक्षण नेमकं आहे. उपचार मात्र सगळे घेण्यासारखे नाहीत. प्लुष्टाला पुन्हा शेक द्यावा असं तिथं सांगितलंय. आज आपण नेमकं उलट करतो.

आजची ओळख अशी. त्वचा लाल, कोरडी, झोंबणारी: वरवरचं भाजणं. फोड, ओलसर गुलाबी पृष्ठभाग आणि खूप वेदना: त्वचेचा काही थर गेलाय, पण खालून नवी त्वचा उगवू शकते. पांढरी, तपकिरी किंवा काळी, चामड्यासारखी आणि हात लावला तरी न दुखणारी जखम: ही सगळ्यात वाईट. घरात लोक म्हणतात, ‘दुखत नाही ना, मग ठीक आहे.’ अहो, दुखणं कळवणाऱ्या नसाच जळलेल्या असतात.

मी सात वर्षांचा असताना माझ्या हातावर उकळता चहा सांडला. फोड आले. एका दवाखान्यात कोरडा कापूस आणि वर पट्टी बांधली. भाजलं तो दिवस मला फारसा आठवत नाही. पट्टी सोडली तो दिवस लख्ख आठवतो. कापसाबरोबर नवी आलेली कातडीही निघाली, आणि आईनं मान फिरवली.

त्या काळी जखम कोरडी राहिली पाहिजे, खपली धरली पाहिजे, असा समज पक्का होता. त्याला धक्का खरं तर १९६२ मध्येच बसला होता. ब्रिटनमधल्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथिनचं पातळ आवरण लावलं. उघड्या ठेवलेल्या जखमांपेक्षा त्या जवळपास दुप्पट वेगानं त्वचेनं भरल्या. ओल टिकली, तर नव्या पेशींना सरकायला वाट मिळते.

मग न चिकटणाऱ्या, ओल धरणाऱ्या पट्ट्या निघाल्या. पण त्या महाग. भाजलेल्याला त्या एकदा नाही, पुन्हा पुन्हा लागतात. इथं महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी मांडली. साली पट्टीच्या कापडावर बसवायच्या आणि निर्जंतुक करून वापरायच्या. सालीत औषध नव्हतं. ती जखमेला सुकू देत नव्हती, एवढंच. १९९१ मध्ये सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरवरच्या भाजण्यात मधाची पट्टी नेहमीच्या चांदीयुक्त मलमापेक्षा सरस ठरली. २००३ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातून डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी केळीच्या पानाच्या पट्टीवर लिहिलं. ती चिकटत नाही, सोडताना दुखत नाही आणि अतिशय स्वस्त पडते.

इथंच थांबलो तर ‘आजीचा बटवा श्रेष्ठ’ म्हणून टाळ्या मिळतील. पण याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९९ मध्ये आणखी एक तुलना छापली. मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात जळालेला थर लवकर काढून त्वचारोपण करणं मधाच्या पट्टीपेक्षा चांगलं ठरलं. ज्या मधाची बाजू मांडली, त्याची मर्यादाही स्वतःच दाखवली. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो.

कारण खोल जखमेला कुठलीच पट्टी पुरत नाही. तिला त्वचाच लागते. रुग्णाची स्वतःची पुरेशी उरली नसेल, तर दान मिळालेली त्वचा तात्पुरतं आवरण म्हणून लावतात. डॉ. गोरे यांनी शीवला २००० मध्ये त्वचापेढी उभी केली ती यासाठीच. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातही २०२२ मध्ये त्वचापेढी सुरू झाली. रक्तदान आपण जाणतो, नेत्रदान जाणतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत त्वचाही देता येते, हे किती घरांत माहीत आहे?

आता घरापुरतं. भाजल्याबरोबर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको. अंगठी, बांगड्या लगेच काढा. नंतर सूज येते. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नका. डॉक्टरांना जखमेचा खरा रंगच दिसत नाही. स्वच्छ, न चिकटणारं काही वर ठेवा. कापूस नको. बटाट्याची साल आणि मधही घरी नको. त्या पट्ट्या रुग्णालयात निर्जंतुक करून, जखम पारखून लावलेल्या होत्या. लहान मूल, चेहरा, हात, गुप्तांग, तळहातापेक्षा मोठी जखम, किंवा पांढरी-काळी न दुखणारी जखम असेल, तर थेट रुग्णालय.

जयपूरच्या त्या श्रोत्याला मी हेच लिहिलं: टक्के ऐकलेत की पुढचा प्रश्न विचारा, किती खोल? पट्टी कुठली, हे त्या उत्तरानंतर ठरतं.