प्रक्षेपण हक्क आणि प्रेक्षक : हीरो चषक वाद ते २०१७ चा निकाल

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण हक्क हे क्रीडासंघटनांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन बनले आहे. भारतात मात्र हे हक्क नेमके कोणाचे, हा प्रश्न १९९० च्या दशकापर्यंत गांभीर्याने विचारलाच गेला नव्हता. शासन, क्रीडासंघटना व खाजगी वाहिन्या यांच्यातील संघर्षातून त्याची उत्तरे घडत गेली. या संघर्षात प्रत्येक पक्षाने प्रेक्षकांच्या हिताचा दाखला दिला. प्रत्यक्षात प्रेक्षकाचा हक्क कितपत मान्य झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शासकीय मक्तेदारीची पार्श्वभूमी

भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ४ अन्वये तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र शासनाकडे होता. हा कायदा झाला तेव्हा दूरचित्रवाणीचा शोधही लागलेला नव्हता. तरीही स्वतंत्र भारतातील प्रसारण व्यवस्थेचा कायदेशीर पाया तोच राहिला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र कार्यान्वित झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांनी रंगीत प्रक्षेपणाचे व राष्ट्रव्यापी जाळ्याचे पर्व आणले. या काळात प्रक्षेपण ही शासनाने पुरवायची सेवा मानली जात असे. सामन्याच्या दृश्यांना विक्रीमूल्य आहे, ही जाणीव संघटनांनाही फारशी नव्हती.

उपग्रह वाहिन्यांच्या आगमनाने ही स्थिती पालटली. १९९३ च्या प्रारंभी झालेल्या इंग्लंड संघाच्या भारत दौऱ्याचे हक्क क्रिकेट नियामक मंडळाने ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या विदेशी कंपनीला दिले. परिणामी भारतात खेळले जाणारे सामने भारतीयांना दाखविण्यासाठी दूरदर्शनला त्या कंपनीशी व्यवहार करावा लागला.

हीरो चषकाचा वाद

नोव्हेंबर १९९३ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने आपल्या हीरक महोत्सवानिमित्त हीरो चषक स्पर्धा आयोजित केली. हक्कांच्या मोबदल्यावरून दूरदर्शनशी चाललेल्या वाटाघाटी फिसकटल्या आणि संघटनेने याही वेळी ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनलशी करार केला. परंतु विदेशी कंपनीला चित्रीकरणाची उपकरणे देशात आणण्यासाठी आणि उपग्रहाकडे संकेत पाठविण्यासाठी शासकीय परवानगी आवश्यक होती. शासनाच्या हाती असलेली खरी सत्ता ती हीच. मुंबईत सीमाशुल्क विभागाने कंपनीची उपकरणे अडविली. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अंतरिम आदेशानंतर उपकरणे मुक्त झाली.

२४ नोव्हेंबर रोजी ईडन गार्डन्सवर प्रकाशझोतात झालेल्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर यांनी अखेरच्या षटकात केवळ तीन धावा दिल्या व भारताने दक्षिण आफ्रिकेवर दोन धावांनी विजय मिळविला. कोट्यवधींच्या स्मरणात राहिलेले हे षटक न्यायालयीन आदेशाच्या छायेखाली चित्रित झाले होते.

१९९५ चा निकाल

९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन व न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने अंतिम निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्या. सावंत यांनी स्वतःच्या व न्या. मोहन यांच्या वतीने निकालपत्र लिहिले, न्या. जीवन रेड्डी यांनी स्वतंत्र सहमतीदर्शक मत नोंदविले. प्रसारण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, हे या निकालाचे मध्यवर्ती सूत्र होय. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळविण्याचा व ती प्रसृत करण्याचा हक्क अंतर्भूत असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणारे स्वायत्त प्राधिकरण स्थापन करण्यासाठी पावले उचलण्याचा आदेशही केंद्र शासनास देण्यात आला.

या निकालाचे वर्णन अनेकदा ‘शासकीय मक्तेदारीचा अंत’ असे केले जाते. ते अपुरे आहे. लहरी सार्वजनिक असल्याने त्यांच्यावर खाजगी मक्तेदारीही मान्य होऊ शकत नाही, हा निकालाचा दुसरा अर्धा भाग होता. न्या. जीवन रेड्डी यांनी तर लहरी वापरून प्रसारण करण्याचा मूलभूत हक्क कोणाही व्यक्तीला नाही, असे निःसंदिग्धपणे मांडले. व्यवहारात मात्र निकालाचा पहिला भाग बाजारपेठेने त्वरेने उचलला आणि दुसरा मागे पडला. प्रसारभारती १९९७ मध्ये अस्तित्वात आली. परंतु ती स्वतःच एक प्रसारक असल्याने सर्वांवर देखरेख करणारे प्राधिकरण ठरू शकत नव्हती. १९९७ चे प्रसारण विधेयकही कायद्यात रूपांतरित झाले नाही.

प्रेक्षकाचा प्रवेश : २००४ ते २००७

२००४ च्या भारतीय संघाच्या पाकिस्तान दौऱ्याचे हक्क टेन स्पोर्ट्स वाहिनीकडे होते. केबलजोडणी नसलेल्या घरांचे काय, हा प्रश्न घेऊन मद्रास उच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने वाहिनीचे संकेत, तिच्या बोधचिन्हासह व जाहिरातींसह, दूरदर्शनला मिळाले. ज्या प्रेक्षकाच्या नावे १९९५ चा निकाल झाला होता, त्याची बाजू आता थेट न्यायालयासमोर आली.

२००६ मध्ये निम्बस कंपनीने मंडळाचे चार वर्षांचे हक्क ६१ कोटी २० लाख डॉलरना घेतले. एवढी रक्कम गुंतविणाऱ्या कंपनीस संकेत वाटून घेणे परवडणारे नव्हते. २१ जानेवारी २००७ रोजी नागपूर येथे झालेला भारत-वेस्ट इंडीज सामना दूरदर्शनच्या प्रेक्षकांना पाहता आला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने पुढील सामने सात मिनिटांच्या विलंबाने दाखविण्याची मुभा दिली. त्यापाठोपाठ फेब्रुवारीत अध्यादेश निघाला व मार्चमध्ये क्रीडा प्रसारण संकेत (प्रसारभारतीशी अनिवार्य सहभाग) अधिनियम संमत झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित क्रीडास्पर्धांचे संकेत जाहिरातींविना प्रसारभारतीस देणे बंधनकारक झाले. दूरचित्रवाणीवरील जाहिरात उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा किमान ७५ टक्के ठरला. ब्रिटनमध्येही निवडक स्पर्धा सर्वांना विनामूल्य उपलब्ध राहाव्यात यासाठी अशी सूची आहे; भारतीय कायद्याचे वेगळेपण असे की त्यातून लाभ मिळतो तो एकाच, शासकीय निधीवर चालणाऱ्या प्रसारकास.

२०१७ चा निकाल व कायद्याच्या मर्यादा

दूरदर्शनच्या काही वाहिन्या दाखविणे केबलचालकांवर बंधनकारक असल्याने हे संकेत केबलवरील घरांतही पोहोचू लागले. हक्कधारक वाहिन्यांनी त्यास हरकत घेतली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली. सामायिक संकेतांचा वापर प्रसारभारतीच्या स्वतःच्या भूप्रक्षेपण व डीटीएच सेवेपुरताच मर्यादित असल्याचा निर्वाळा देण्यात आला. कायद्याच्या शब्दांशी हा अर्थ सुसंगत होता; परंतु त्यामुळे प्रेक्षकाचा हक्क त्याच्या घरातील यंत्रणेवर अवलंबून राहिला. पुढे २०२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतांश ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रेही बंद झाली. त्याच वर्षी इंडियन प्रीमियर लीगच्या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा भारतातील दूरचित्रवाणीचे व इंटरनेटवरील हक्क दोन वेगळ्या समूहांकडे गेले. २००७ च्या कायद्याची रचना केबल, डीटीएच व आकाशवाणी यांना समोर ठेवून झालेली होती.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की भारतात प्रक्षेपण हक्काचा प्रवास शासकीय मक्तेदारीकडून कराराधिष्ठित मक्तेदारीकडे झाला. १९९५ च्या निकालाने दोहोंना नकार दिला होता. लहरींची मालकी जनतेची, हे तत्त्व मान्य झाले. ते राबविणारी स्वायत्त संस्था मात्र उभी राहिली नाही. त्यामुळे प्रेक्षकाचा हक्क प्रत्येक वेळी दूरदर्शनच्या हक्काच्या रूपानेच मांडला गेला आणि दूरदर्शनचा आवाका आकुंचित होताच तोही आकुंचित झाला. हक्क प्रसारकास न जोडता थेट नागरिकास जोडणे, हे निकालातील अपूर्ण राहिलेले कार्य होय. सामना लहरींवरून नव्हे तर इंटरनेटवरून घरी येऊ लागला असताना ‘सार्वजनिक मालमत्ता’ या संकल्पनेची नव्याने मांडणी करावी लागेल. अन्यथा १९९५ च्या निकालाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक उरेल.