धूळ, बोगदा आणि मृतांची मोजणी

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, गॉली ब्रिज या गावाजवळ हॉक्स नेस्ट नावाचे ठिकाण आहे. तेथे रस्त्याच्या कडेला एक सरकारी पाटी उभी आहे. येथील बोगद्याच्या कामात दगडाच्या धुळीमुळे १०९ मृत्यू झाल्याचे मान्य करण्यात आले, असे तिच्यावर नमूद केलेले आहे. त्याच पाटीवर दुसरा आकडाही आहे : अमेरिकन काँग्रेसपुढील चौकशीत सांगितलेला, ४७६. १९८६ साली मार्टिन चेर्नियाक या डॉक्टरने त्या भागातील मृत्युनोंदी आणि कंपनीचे कागद तपासून पुस्तक लिहिले. त्याचा अंदाज ७६४ मृत्यूंचा आहे. एकच बोगदा, एकच धूळ आणि मेलेल्यांचे तीन आकडे. १०९ आणि ७६४ यांच्यामध्ये जी साडेसहाशे माणसे हरवली ती कोण होती, हा माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला मूळ प्रश्न आहे.

हकीकत अशी. न्यू रिव्हर या नदीचे पाणी डोंगरातून वळवून वीज निर्माण करायची आणि ती वीज युनियन कार्बाइड कंपनीच्या धातूच्या कारखान्याला द्यायची, अशी योजना होती. त्यासाठी गॉलीचा डोंगर फोडून सुमारे तीन मैलांचा बोगदा खणायचा होता. काम राइनहार्ट अँड डेनिस या कंत्राटदाराला मिळाले. १९३० साली सुरुवात झाली, १९३१ च्या अखेरीस बोगदा आरपार झाला. ते महामंदीचे दिवस होते. दक्षिणेकडच्या राज्यांतून भुकेले मजूर मालगाड्यांना लटकत आले. बोगद्याच्या आत सुमारे तीन हजार माणसांनी काम केले. त्यांतले चारातले तीन काळे होते.

डोंगर वालुकाश्माचा, आणि पुष्कळ ठिकाणी जवळजवळ शुद्ध सिलिकाचा निघाला. आपण जिला गारगोटी म्हणतो तिचेच हे द्रव्य. कारखान्याला धातू बनवताना सिलिका लागतच असे. तेव्हा बोगद्याचा काही भाग मूळ आराखड्यापेक्षा रुंद करण्यात आला आणि निघालेला दगड भट्टीकडे रवाना झाला. म्हणजे मजुराच्या छातीत जे चालले होते ते कंपनीच्या हिशेबवहीत कच्चा माल म्हणून जमा होत होते. आपल्या डोंगरात काय आहे हे मालकाला ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागाच उरत नाही.

सिलिकाची जी धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतांशी नाकाघशात अडकते. मारते ती न दिसणारी धूळ. माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक असलेला कण फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यापर्यंत पोचतो. शरीरातल्या पेशी त्याला गिळतात, गिळून मरतात आणि त्या जागी वण धरतो. कणाकणाने फुप्फुस घट्ट होत जाते. साधारणपणे या रोगाला, म्हणजे सिलिकोसिसला, दहा-वीस वर्षे लागतात. हॉक्स नेस्टला धूळ इतकी दाट होती की काही धडधाकट तरुण वर्षा-दोन वर्षांत गेले. एकदा जडलेला हा रोग बरा करणारे औषध तेव्हा नव्हते, आजही नाही. उपाय एकच : धूळ उडू न देणे, उडालीच तर ती श्वासात जाऊ न देणे.

आणि हे कसे करायचे, हे तेव्हा माहीत नव्हते काय? चांगलेच माहीत होते. पोकळ ड्रिलमधून पाणी सोडत दगडाला भोक पाडण्याची युक्ती १८९० च्या दशकातच निघाली होती. पाण्याने धुळीचा चिखल होतो, धूळ हवेत जात नाही. सुरुंग उडाल्यावर पंख्यांनी हवा काढून घ्यावी, धूळ बसेपर्यंत माणसांना आत पाठवू नये, दगडाच्या ढिगावर पाणी मारावे, एवढ्या साध्या गोष्टी आहेत. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी १९०२ साली चौकशी आयोग बसला होता. अमेरिकेतच मिसूरी राज्यात जॉप्लिनच्या खाणींमध्ये १९१४-१५ साली सरकारी डॉक्टरांनी हा रोग नोंदवला होता. इतकेच काय, हॉक्स नेस्टला काम जोरात चालू असताना, ऑगस्ट १९३० मध्ये, जोहान्सबर्ग येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने सिलिकोसिसवर जगभरच्या तज्ज्ञांची परिषद भरवली होती. ज्ञान कमी पडले म्हणून माणसे मेली, हा बचाव येथे टिकत नाही. (त्याच दक्षिण आफ्रिकेत हे ज्ञान वापरले गेले तेही मुख्यतः गोऱ्या खाणकामगारासाठी. काळा मजूर खोकू लागला की त्याची गावी रवानगी होई. ज्ञानालाही वर्ण असतो, तो असा.)

पाणी सोडून ड्रिल चालवले की काम मंदावते. कोरडे ड्रिल भराभर चालते. म्हणून हॉक्स नेस्टला कोरडे ड्रिल चालले. तीन-चार हातांवरचा माणूस दिसत नसे, दिव्याचा उजेड धुळीत विरून जाई, बाहेर पडणारा काळा मजूर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा दिसे, असे साक्षीदारांनी पुढे सांगितले. सुरुंग उडाल्याबरोबर मुकादम दांडका घेऊन माणसांना आत पिटाळी. पाहणीला येणारे कंपनीचे अधिकारी तोंडाला मुखवटे बांधून येत, मजुरांना मात्र ते मिळाले नाहीत. धूळ घातक आहे हे कोणाला कळले होते आणि कोणासाठी कळले होते, हे त्या मुखवट्यांनी सांगितले.

धूळ भेदभाव करीत नाही. गोरेही मेले. एमा जोन्स या गोऱ्या बाईचे सेसिल, ओवेन आणि शर्ली हे तिन्ही मुलगे बोगद्यात गेले आणि तिन्ही मेले. धाकट्याने तर आपण मेल्यावर शरीर उघडून पाहा, म्हणजे कशाने मेलो ते कळेल, असे आईला सांगून ठेवले होते. पण धुळीसमोर कोणाला उभे करायचे हे धूळ ठरवीत नाही, कामाची वाटणी करणारा ठरवतो. अगदी पुढच्या तोंडाशी, ड्रिलजवळ, बहुतेक काळे होते. गोऱ्यांना तुलनेने बाहेरची, कसबाची, देखरेखीची कामे मिळत. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले. त्याच साली हॉक्स नेस्टची चौकशी वॉशिंग्टनला चालू होती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मजुराला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते. तेथे चांगल्या जागेपासून दूर ठेवले, येथे वाईट जागेत पुढे ढकलले. रीत एकच. गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतील लोकांना जोतीरावांनी १८७३ साली आपले पुस्तक अर्पण केले होते. त्यानंतर सहा दशके उलटली तरी काळ्या माणसाला मालक बदलण्याखेरीज फारसे काही मिळाले नव्हते.

मजूर आजारी पडू लागले तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी रोगाला ‘टनेलायटिस’ असे एक गमतीदार नाव दिले आणि काळ्या गोळ्या वाटल्या. सोड्याच्या आणि साखरेच्या गोळ्या. न्यूमोनिया, क्षय, हृदयविकार अशी कारणे मृत्युपत्रांवर चढली. गोऱ्यांच्या दफनभूमीत काळ्यांना जागा नव्हती. समर्सव्हिलच्या एका दफन व्यावसायिकाने आपल्या आईच्या शेतात त्यांना पुरले. कंत्राटदाराकडून एका प्रेताचे ५५ डॉलर मिळत, असे चौकशीत पुढे आले. नावाचा दगड नाही, नोंद नाही. १९७२ साली महामार्ग रुंद करताना ही हाडे उकरली गेली आणि दुसरीकडे हलवली गेली. त्या जागी नीट स्मारक व्हायला २०१२ साल उजाडले.

उरलेले काही शेकडा मजूर खोकत खोकत आपापल्या गावी परतले. जॉर्जिया, अलाबामा, कॅरोलिना. तेथे ते मेले आणि कोणत्याच आकड्यात आले नाहीत. पहिल्यांदा मोजणीतून गळते ते स्थलांतरित मजुराचे मरण. काम एका गावात, मरण दुसऱ्या गावात. दोन्ही गावांच्या वह्या वेगळ्या.

न्यायाची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण ती उरकलीच गेली. १९३३ सालच्या पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. मग तडजोड झाली : बऱ्याच दाव्यांना मिळून १,३०,००० डॉलर. त्यातला अर्धा वाटा वकिलांचा. शिवाय मजुरांच्या वकिलांनी समोरच्या बाजूकडून गुपचूप २०,००० डॉलर घेतले होते, हे मागाहून उघड झाले. काळ्याच्या फुप्फुसाची किंमत गोऱ्याच्या फुप्फुसापेक्षा कमी ठरली. १९३५ साली वेस्ट व्हर्जिनियाने सिलिकोसिसच्या भरपाईचा कायदा केला, पण त्यात अटी अशा घातल्या की बोगद्यातल्या मजुराला त्याचा उपयोग होऊ नये. काँग्रेसच्या उपसमितीने १९३६ साली पुढील चौकशीची शिफारस केली. ती चौकशी झाली नाही.

अमेरिकेत बांधकामावरील सिलिकाच्या धुळीसाठी आठ तासांच्या पाळीला घनमीटर हवेमागे ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा २०१६ च्या नियमाने ठरली. तेथील सरकारी संशोधन संस्थेने हीच मर्यादा १९७४ साली सुचवली होती. नव्या नियमात कोणत्या यंत्राला पाणी जोडायचे, कोणत्याला धूळ ओढणारी नळी लावायची याचा तक्ता आहे. त्यातले मूळ तत्त्व १९३० च्या ड्रिलवाल्याला सांगितले असते तर समजले असते.

युनियन कार्बाइड हे नाव आपल्याला १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमुळे कळले. तेथेही पहिला सरकारी आकडा २,२५९ होता, नंतर मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मान्य केले, आणि वस्त्यांतली माणसे त्याच्या कित्येक पट सांगत राहिली.

आपल्याकडे सिलिकोसिस १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंदवण्याचा रोग म्हणून आला. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला १९९६ उजाडले. झाबुआ, अलिराजपूरचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि परत येऊन आपल्या पाड्यांवर मेले. काम गुजरातेत, मरण मध्य प्रदेशात. त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारला दिला. हे २३८ यादीत आले, कारण पीडितांनी स्वतः संघटना करून घरोघर याद्या केल्या.

आता आपल्या शहरांतले पाहू. सह्याद्रीचा काळा कातळ बेसॉल्टचा. त्यात मोकळी सिलिका फारशी नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट महाराष्ट्रात बहुधा बाहेरून येतो आणि त्यात चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक गारगोटी असते. फरशा, काँक्रीट, वाळू यांतही ती कमीजास्त असतेच. पॉलिश केलेले, क्वार्ट्झचे म्हणून विकले जाणारे कृत्रिम दगड तर बहुतांशी सिलिकाचेच. ते कापणारा कोण? नाक्यावरून उचललेला, मराठवाड्यातला, बौद्ध, मातंग, वडार, पारधी, कोणीही. वीस-बावीस वर्षांचा, तोंडाला रुमाल बांधलेला. रुमालातून बारीक धूळ सहज जाते. शेजारी त्याची बायको खराट्याने तीच धूळ झाडते आणि पोर त्याच खोलीत निजलेले असते. कटरला पाण्याची नळी जोडायला फार खर्च येत नाही. पाण्याने भिंती खराब होतात आणि चिखल काढत बसावे लागते, म्हणून ठेकेदार ती जोडत नाही. पुढे हा मुलगा खोकू लागला की सरकारी दवाखान्यात क्षयाचा कागद मिळतो. क्षय असतोही, कारण सिलिकाने खाल्लेल्या फुप्फुसात क्षय लवकर शिरतो. पण तुम्ही काय काम करीत होता, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

माझ्या वर्गातली काही मुले सुट्टीत याच कामाला जातात आणि त्या पैशावर वर्षाची फी भरतात. त्यांना हॉक्स नेस्ट शिकवताना मी एक काम दिले. आपल्या वस्तीत गेल्या दहा वर्षांत छातीच्या दुखण्याने पन्नाशीच्या आत गेलेल्यांची नावे लिहायची. प्रत्येक नावापुढे : कोठे काम केले, कोणता दगड, किती वर्षे, मुकादम कोण, यंत्राला पाणी होते की नव्हते, दवाखान्याने काय लिहून दिले. पहिल्या आठवड्यात एका मुलीने वहीची दोन पाने भरून आणली. मुकादमाच्या रकान्यात तिने सात ठिकाणी एकच नाव लिहिले होते.